‘दूध पुरत नाही’ : एक सोयीस्कर निदान

गेल्या महिन्यात माझ्या ओपीडीत चार जण आले. नऊ दिवसांचं बाळ, त्याची आई, आईची आई आणि आईची सासू. सासूबाईंच्या हातात मेडिकलची पिशवी होती आणि पिशवीत पावडरच्या दुधाचा न उघडलेला डबा. बाळाच्या आईनं तोंड उघडायच्या आत त्यांनी सांगून टाकलं, “मॅडम, हिला दूध पुरत नाही. किती चमचे द्यायचे तेवढं लिहून द्या.”

मी डिस्चार्जचा कागद मागितला. सिझर सकाळी झालं होतं. बाळ आईकडे आणलं दुपारनंतर. मधल्या वेळात त्याला तीनदा पावडरचं दूध पाजलं होतं. चौथ्या दिवशी घरी सोडताना कागदावर औषधांच्या यादीत शेवटची ओळ होती : पावडरचं दूध, दर तीन तासांनी. घरी गेल्यावर मात्र बाळाच्या आजीनं, म्हणजे आईच्या आईनं, “दोन दिवस नुसतं अंगावर पाजून तर बघू” असं म्हणत डबा उघडू दिला नव्हता. दोनाचे पाच दिवस झाले होते. सासूबाई त्यावरूनच नाराज होत्या.

मी बाळाला काट्यावर ठेवलं. जन्माच्या वेळी २ किलो ९००, घरी जाताना २ किलो ६८०, आज २ किलो ८३०. पाच दिवसांत १५० ग्रॅम, म्हणजे रोज ३० ग्रॅम. पाच दिवस त्या बाळाच्या पोटात आईच्या दुधाशिवाय काहीही गेलेलं नव्हतं. मग हे वजन आलं कुठून?

मी हे सांगितल्यावर ती मुलगी रडायला लागली. आनंदानं नव्हे, तर नऊ दिवस प्रत्येकानं तिला सांगितलं होतं की तुझ्यात काहीतरी कमी आहे, आणि तिनं ते मानलं होतं.

आज मला या ‘दूध पुरत नाही’ नावाच्या निदानाबद्दल भांडायचं आहे. हे निदान करायला वजनकाटा लागत नाही, तपासणी लागत नाही, पदवीही लागत नाही. शेजारीणही करते आणि डॉक्टरही करतात. ते सगळ्यांना सोयीचं आहे. रुग्णालयाला सोयीचं, कंपनीला सोयीचं, मालकाला सोयीचं, घरालाही सोयीचं. गैरसोय होते ती फक्त दोघांची, आणि त्यातलं एक बोलू शकत नाही.

दूध येतं कसं?

आधी थोडं शरीरशास्त्र समजून घ्या, म्हणजे माझा राग कशावर आहे ते कळेल.

गरोदरपणाच्या उत्तरार्धातच स्तनांत चीक तयार व्हायला लागतो. बाळंतपणानंतर वार बाहेर पडली की प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक झपाट्यानं खाली येतं आणि भरपूर दूध तयार व्हायची वाट मोकळी होते. पण हे भरपूर दूध उतरायला साधारण दोन ते तीन दिवस लागतात. सिझर, जास्त रक्तस्राव, पहिलं बाळंतपण, मधुमेह अशा वेळी आणखी थोडा उशीर होऊ शकतो. तोवर असतो तो फक्त चीक, थेंबाथेंबानं येणारा. तो पाहून घरातले घाबरतात. खरं तर पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी चमचाभरच लागतो. त्याचं पोटच तेवढं असतं. शिवाय पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन ७ टक्क्यांपर्यंत, क्वचित १० टक्क्यांपर्यंत घटणं अपेक्षितच असतं. दोन आठवड्यांच्या आत ते भरून यावं लागतं.

पुढचं सगळं मागणीवर चालतं. बाळ ओढतं तेव्हा आईच्या मेंदूत दोन संप्रेरकं स्रवतात. प्रोलॅक्टिन दूध तयार करतं आणि ऑक्सिटोसिन ते बाहेर ढकलतं. त्यालाच आपण पान्हा फुटणं म्हणतो. विहिरीचा झरा जसा उपसा झाला की वाहता राहतो आणि उपसाच थांबला की मंदावतो, तसंच हे आहे. दूध स्तनात साचून राहिलं तर त्यातलेच घटक पुढचं दूध बनवणं कमी करतात.

आता बाटलीचं काय होतं बघा. पहिल्या दिवशी बाळाला ३० मिली पावडरचं दूध पाजलं, बाळ तीन तास झोपलं. त्या तीन तासांत ते आईला लागलं नाही. उपसा झाला नाही, म्हणून झरा मंद. संध्याकाळी आईला लावलं तर दूध कमी. “बघा, म्हटलं नव्हतं?” म्हणून पुन्हा बाटली. चौथ्या दिवसापर्यंत खरोखरच दूध कमी झालेलं असतं. म्हणजे आधी निदान केलं, मग त्या निदानाच्या उपचारानं तो आजार तयार केला. वैद्यकशास्त्रात याला अक्षम्य चूक म्हणतात. प्रसूतिगृहात मात्र त्यालाच रोजचा रिवाज म्हणतात.

खोट्या खुणा आणि खऱ्या खुणा

बाळ रडतं म्हणजे दूध कमी, असं नाही. बाळ थंडीनं, ओल्या लंगोटानं, गॅसनं, नुसतं उचलून घ्यावं म्हणूनही रडतं. संध्याकाळी दर अर्ध्या तासानं प्यायला मागतं म्हणजे दूध कमी, असंही नाही. पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत तशी वेळ येतेच, आणि दूध वाढवायची ती बाळाची स्वतःची युक्ती असते. स्तन आधीसारखे टणक लागत नाहीत म्हणजे दूध आटलं, असं नाही. मागणी आणि पुरवठ्याचा मेळ बसल्याची ती खूण आहे. पंपानं काढून पाहिलं तर चमचाभरच आलं, हीसुद्धा परीक्षा नव्हे. पंप आणि बाळ यांच्यात बाळ केव्हाही सरस. आणि पावडरचं दूध प्यायल्यावर बाळ गाढ झोपलं, याचा अर्थ ते तृप्त झालं असाच होत नाही. ते दूध पचायला जड असतं. जेवणावळीहून आल्यावर तुम्हीही तसेच झोपता.

खऱ्या खुणा दोनच, आणि त्या कुणालाही मोजता येतात. पाचव्या-सहाव्या दिवसापासून बाळाला चोवीस तासांत किमान सहा वेळा फिकट रंगाची लघवी व्हायला हवी. आणि वजन दोन आठवड्यांच्या आत जन्मवजनाला येऊन पुढे रोज साधारण २५ ते ३० ग्रॅमनं वाढायला हवं. हे होत असेल तर दूध पुरतं आहे, मग शेजारीण काहीही म्हणो. हे होत नसेल, बाळ मलूल असेल, लघवी कमी असेल, कावीळ वाढत असेल, तर मात्र एक दिवसही न थांबता डॉक्टरांना दाखवा. अशा बाळाला “थांबून बघू” म्हणणं हासुद्धा गुन्हाच आहे.

पहिला तास कुणी पळवला?

पहिल्या तासात स्तनपान सुरू करा, सहा महिने दुसरं काहीही देऊ नका, अगदी पाणीसुद्धा नको, आणि पुढे वरच्या अन्नासोबत दोन वर्षं किंवा त्याहून अधिक काळ पाजा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आता आपल्या देशाचे आकडे बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) ७८.९ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती. पाचव्या फेरीत (२०१९-२१) ती ८८.६ टक्क्यांवर गेली. ही मोठी कमाई आहे, त्यात शंका नाही. पण जन्मानंतर तासाभरात आईचं दूध मिळालेली मुलं किती? आधी ४१.६ टक्के, नंतर ४१.८ टक्के. काटा जागचा हललाच नाही.

म्हणजे आणखी दहा टक्के बाया आमच्या दारात आल्या, आमच्या टेबलावर बाळंत झाल्या, आणि आम्ही त्यांच्या बाळांना पहिला तास दिला नाही. घरी अडाणीपणा होता म्हणून उशीर व्हायचा, हे कारण आता पुरत नाही. आता उशीर करणारे आम्ही शिकलेले लोक आहोत.

“सिझर होतं ना!” हे आमचं ठरलेलं उत्तर. याच पाहणीनुसार खासगी रुग्णालयांतल्या बाळंतपणांपैकी ४७.४ टक्के सिझर होती. म्हणजे जवळजवळ निम्मी. पण सिझर बहुधा कमरेखालच्या भुलीत होतं. आई जागी असते, बोलत असते. बाळ व्यवस्थित असेल तर टाके घालणं चालू असतानाच ते तिच्या छातीवर ठेवता येतं. त्याला औषध लागत नाही, यंत्र लागत नाही. एक माणूस लागतो, जो बाळाला धरून वीस मिनिटं तिथं उभा राहील. तो माणूस आमच्याकडे नसतो. वजन करायला, टॅग लावायला, फोटो काढायला, पेढे वाटायला माणूस असतो.

इथं मला स्वतःलाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायला हवं. निवासी डॉक्टर असताना मी किती केसपेपरांवर ‘टॉप फीड सुरू करावे’ असं लिहिलं असेल याची मोजदाद नाही. रात्री दोन वाजता वॉर्डात एक बाळ रडतंय, आई टाक्यांच्या दुखण्यानं कण्हतेय, नातेवाईक हमरीतुमरीवर आलेत. बाळ नीट तोंडात घेतंय का हे पाहायला तिच्याजवळ बसावं लागलं असतं. ते चार शब्द लिहायला दहा सेकंद लागत. मी दहा सेकंद निवडले. त्यातल्या किती बायांना पुढे आयुष्यभर वाटत राहिलं असेल की आपल्याला दूधच नव्हतं?

डब्याचा इतिहास

तो डबा आपोआप आपल्या घरात आलेला नाही. १९३९ साली सिंगापुरात सिसिली विल्यम्स या डॉक्टर बाईंनी रोटरी क्लबपुढे एक भाषण केलं. त्याचं शीर्षकच ‘दूध आणि खून’ असं होतं. मलायातल्या गरीब आयांना गोड आटवलेलं दूध बाळाचं अन्न म्हणून विकलं जात होतं आणि मुलं मरत होती. अशा प्रचारातून होणारे मृत्यू खून म्हणूनच मोजले पाहिजेत, असं त्यांनी कंपन्यांच्या त्या काळात उघडपणे सांगितलं. पुढे १९७४ मध्ये ब्रिटनमधल्या ‘वॉर ऑन वॉन्ट’ या संस्थेनं ‘द बेबी किलर’ ही पुस्तिका काढली. गरीब देशांत कंपन्या परिचारिकांसारखे कपडे घातलेल्या विक्रेत्या बायका आयांकडे पाठवतात, फुकट डबे वाटतात, आणि फुकटचा डबा संपेपर्यंत आईचं दूध आटलेलं असतं, हे त्या काळात जगासमोर आलं. १९७७ मध्ये अमेरिकेत नेस्लेवर बहिष्कार सुरू झाला. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेनं या विक्रीला लगाम घालणारी आंतरराष्ट्रीय संहिता मंजूर केली. बाजूनं ११८ मतं, विरोधात एक. ते एक मत अमेरिकेचं.

आपल्या देशानं त्यापुढे जाऊन कायदा केला. १९९२ चा हा कायदा १ ऑगस्ट १९९३ पासून लागू झाला आणि २००३ मध्ये अधिक कडक झाला. दोन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठीचं पावडरचं दूध, बाळअन्न आणि दूध पाजायच्या बाटल्या यांची जाहिरात करायला बंदी. फुकट नमुने वाटायला बंदी. डब्यावर गुटगुटीत बाळाचं चित्र छापायला बंदी. डॉक्टरांना भेटी द्यायला आणि आमच्या परिषदांना पैसे पुरवायलाही बंदी. मोडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पाच हजार! आज तेवढ्यात बाळाचं धड बारसंही होत नाही.

कायदा चांगला आहे, पण तो बहुतेकांना माहीतच नाही. माझ्या क्लिनिकमध्ये आलेल्या एका विक्री प्रतिनिधीला मी कायद्याचं नाव सांगितलं तेव्हा तो हसून म्हणाला, “मॅडम, सगळीकडे चालतं.” आणि आता जाहिरातीला डॉक्टरही लागत नाही. ती मोबाइलवर येते, ‘आई झाल्यावरचा माझा अनुभव’ असं म्हणत. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफनं २०२२ मध्ये आठ देशांतल्या पाहणीचा अहवाल दिला. त्यात पालक आणि गरोदर बायांपैकी ५१ टक्के जणांनी सांगितलं की कंपन्यांचा प्रचार आपल्यापर्यंत पोहोचला होता. जगभरात या पावडरचा धंदा वर्षाला सुमारे ५५ अब्ज डॉलरचा आहे. आईच्या दुधावर कुणाला नफा मिळत नाही, म्हणून त्याची जाहिरात करायला कुणी येत नाही.

गरीब घरात हा डबा काय करतो? दोन-तीन महिन्यांच्या बाळाला दिवसाला साधारण ९० ते १०० ग्रॅम पावडर लागते. म्हणजे ४०० ग्रॅमचा डबा चार-पाच दिवसांत संपतो. महिन्याला सहा-सात डबे. मेडिकलमध्ये किंमत विचारा आणि गुणाकार करा. रोजंदारीवरचं घर मग काय करतं? चार चमच्यांच्या जागी दोन चमचे घालतं. बाटली न उकळता पुन्हा भरतं. मग जुलाब, मग सलाईन, मग कुपोषण. ‘द लॅन्सेट’मधल्या २०१६ च्या लेखमालेचा अंदाज असा की कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत स्तनपान जवळजवळ सर्वत्र झालं, तर वर्षाला ८ लाख २३ हजार बालमृत्यू टळतील. शिवाय जगात २० हजार बायकांचे स्तनांच्या कर्करोगानं होणारे मृत्यूही टळतील.

घर आणि काम

आता घराकडे वळू. गाय व्याली की तिच्या चिकाचा खरवस आपण वाटीत मोजून खातो, शेजारी पाठवतो. आणि बाळंतिणीचा चीक? तो ‘वाईट’, ‘जड’, पिळून टाकायचा. ज्या चिकात बाळाला जंतूंपासून वाचवणारी प्रतिपिंडं भरलेली असतात, तो टाकून त्या जागी मध चाटवायचा, गुटी उगाळायची. एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नका. त्यातून बॉट्युलिझम होऊ शकतो. हळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू बाळंतिणीला जरूर द्या, पण त्यानं दूध वाढेल म्हणून नको, तिला भूक आहे म्हणून द्या. दूध वाढतं ते बाळ वारंवार लावल्यानं. आणि तिला पाजण्याशिवाय दुसरं काम नसेल तरच ते वारंवार लावता येतं. नवरा रात्री उठून लंगोट बदलतो का, सासू भांडी घासायला दुसरं कुणी बघते का, यावर दूध अवलंबून आहे. मेथी, शतावरी हे नंतरचं.

आणि काम. आपण एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष उघडले आणि ते चांगलंच केलं. पण हिरकणीची आख्यायिका एकदा नीट आठवा. ती रायगडावर दूध विकायला गेलेली गवळण होती. संध्याकाळी दरवाजे बंद झाले, बाळ खाली राहिलं, आणि ती अंधारात कडा उतरून गेली. आपण तिच्या धाडसाच्या गोष्टी सांगतो. मला नेहमी दुसराच प्रश्न पडतो. लोकांच्या मुलांसाठी दूध घेऊन जाणाऱ्या बाईला स्वतःच्या मुलाला पाजायला कडा उतरावा लागावा, हे कौतुकाचं की लाजेचं?

२०१७ च्या दुरुस्तीनं नोकरदार बाईला २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असतील तिथं पाळणाघर हवं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथं जाऊ दिलं पाहिजे, असं तो कायदा सांगतो. २६ आठवडे म्हणजे सहा महिने, अगदी हिशेबानं बसवलेले. पण हा हिशेब कुणासाठी? दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानात काम करणारीसाठी नाही. धुण्याभांड्यांच्या चार घरांतल्या मावशीसाठी नाही. आणि बीडहून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणाऱ्या बाईसाठी तर नाहीच. तिथं नवरा-बायको मिळून एक कोयता. तिनं एक दिवस काम बुडवलं तर खाडा, खाड्याचे पैसे उचलीतून वळते. पहाटे ती फडात जाते, बाळ कोपीवर आठ वर्षांच्या बहिणीच्या मांडीवर. दुपारी पदर भिजतो तेव्हा बाळ दोन-तीन किलोमीटर लांब असतं. तिला ‘सहा महिने निव्वळ स्तनपान’ असं पोस्टर दाखवणं म्हणजे तिची थट्टा आहे. सरकार पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेत पाच हजार रुपये देतं, तेही हप्त्यांनी. सहा महिन्यांची मजुरी पाच हजारांत भरून निघते का, हे कुणीतरी फडात जाऊन विचारावं.

आईला दोष देऊ नका

इथं माझी एखादी वाचक रागावेल. “म्हणजे मी डबा दिला तर मी वाईट आई?” नाही. मी स्वतः बालरोगतज्ज्ञ. माझ्या पहिल्या बाळाच्या पाचव्या रात्री, स्तनाग्रं फाटून रक्त येत असताना, मी डबा उघडला होता. सगळी पुस्तकं पाठ होती, पण पाजताना बाळ नीट धरलंय का हे बघणारं रात्री तीन वाजता कुणी नव्हतं. तेव्हा मला कुणी ‘आईचं दूध अमृत’ असं ऐकवलं असतं, तर मी ते पोस्टर फाडलं असतं.

काही बायांना खरोखरच दूध पुरत नाही. त्यांचं प्रमाण कमी, पण त्या आहेत. वारेचा तुकडा आत राहणं, बाळंतपणात फार रक्त जाणं, थायरॉइडचा आजार, स्तनांवरची शस्त्रक्रिया, ग्रंथींची वाढच कमी असणं, ही खरी कारणं आहेत आणि ती शोधावी लागतात. अशा बाळासाठी पावडरचं दूध हे औषध आहे, आणि औषध घ्यायला लाज कसली? फक्त ते औषधासारखं द्या. डब्यावर लिहिलेलं प्रमाण बदलू नका. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून पाणी उकळून, ७० अंशांच्या खाली जाण्याआधीच त्यात पावडर मिसळा, मग कोमट करून पाजा. बाटलीऐवजी वाटी-चमचा किंवा आपलं जुनं बोंडलं वापरा. आणि अंगावर लावणं थांबवू नका.

कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळांसाठी दुसऱ्या आयांनी दान केलेलं दूधही असतं. आशियातली पहिली दुग्धपेढी १९८९ मध्ये आपल्या मुंबईत, सायन रुग्णालयात, डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. तुमच्या जिल्ह्यात अशी पेढी आहे का, विचारा. नसेल तर का नाही, तेही विचारा.

बदल होत नाही, असं कुणी म्हणू नये. ब्राझीलमध्ये १९८६ च्या सुमारास सहा महिन्यांखालची जेमतेम ३ टक्के मुलं निव्वळ आईच्या दुधावर होती. २०१९ मध्ये ती ४५ टक्क्यांवर गेली. तिथल्या बायका काही वेगळ्या नव्हत्या. तिथं रजा वाढली, जाहिरातींवर बंधनं आली, दोनशेहून अधिक दुग्धपेढ्यांचं जाळं उभं राहिलं. काही भागांत टपाल वाटणारे पोस्टमन घरोघरी स्तनपानाची माहिती द्यायला लागले, काही ठिकाणी अग्निशमन दलाचे जवान दान केलेलं दूध गोळा करायला जायला लागले. आपल्याकडेही सहा महिन्यांखालच्या निव्वळ स्तनपानाचं प्रमाण दोन पाहण्यांच्या मध्ये ५४.९ वरून ६३.७ टक्क्यांवर गेलं, ते आशाताई आणि अंगणवाडी सेविकांच्या पायपिटीवर. त्यांनी त्यांचं काम केलं. राहिलं ते आमचं आणि तुमचं.

म्हणून यापुढे तुमच्या घरात कुणी ‘दूध पुरत नाही’ म्हणालं, तर डबा आणण्याआधी पाच प्रश्न विचारा. बाळाचं वजन केलं का? दिवसाला किती वेळा लघवी होते? बाळ कसं धरतं, तोंडात कसं घेतं, हे एखाद्या जाणत्या माणसानं पाजताना बसून पाहिलं का? चोवीस तासांत आठ-दहा वेळा, रात्रीसुद्धा, लावलं जातं का? आणि पाचवा, सगळ्यात अवघड : ती बाळंतीण आज किती तास झोपली?

डॉक्टरांनी न तपासता पावडर लिहून दिली, तर कारण विचारा. कारण असेल तर ते सांगतील. नसेल तर त्यांनाही पुढच्या वेळी लिहिताना आठवेल. बाळंतपणासाठी रुग्णालय निवडताना खोलीत एसी आहे का हे जसं विचारता, तसंच ‘बाळ पहिल्या तासात आईजवळ देता का’ हेही विचारा. दहा घरांनी विचारलं, तर त्यासाठी वीस मिनिटं थांबणारा माणूस आपोआप सापडेल.

त्या नऊ दिवसांच्या बाळाच्या सासरकडच्या आजींना मी एकच काम दिलं होतं : पाच दिवस लघवी मोजायची आणि वहीत लिहायची. दीड महिन्याच्या लशीला त्या वही घेऊनच आल्या. रोज आठ, नऊ, कधी दहा. पाच दिवसांनंतरही त्यांनी लिहिणं थांबवलं नव्हतं. बाळ चार किलोचं झालं होतं. डबा मेडिकलवाल्यानं परत घेतला का, असं मी विचारलं. “नाही घेतला,” त्या म्हणाल्या. “राहू दे, पैसे गेले तर गेले. नातीला पुरतंय.”